प्रकल्प नोंदी: एक स्वप्न, सहा सांगणारे

३ जून २०२५

वाचनालयाच्या जुलैच्या कार्यक्रमाचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. समितीनं विषय ठरवून टाकलाय: रूपककादंबरीतला नियतीचा शोध. पुस्तक अर्थातच पाउलो कोएलो यांचं ‘द अल्केमिस्ट’. तारीख २० जुलै, रविवार, संध्याकाळी साडेपाच. वेळ ७५ मिनिटं. खर्च चहासकट दोन हजारांच्या आत.

कपाटातली प्रत काढली. पुठ्ठा सुटलाय, कण्याला दोनदा चिकटपट्टी लावलेली. सुरुवातीच्या एका पानावर एकाच वाक्याखाली तीन रंगांच्या पेनांनी आणि एका शिसपेन्सिलीनं रेघा मारल्यात. मनापासून काही हवं असलं की सगळं विश्व मदतीला धावतं, ते वाक्य. पुस्तकावर रेघा मारू नयेत अशी पाटी आपल्या दारात आहे ती आहेच. गंमत अशी की त्यापुढे जवळजवळ शेवटापर्यंत रेघ नाही. लोक या वाक्यापर्यंत येतात आणि इथूनच व्हॉट्सॲपवर जातात, असं दिसतंय.

मलाही हे पुस्तक फार आवडतं अशातला भाग नाही. समितीत तसं बोलले नाही. इथे लिहून ठेवते.

८ जून

रविवार, पाऊस, वाचनालय बंद. एका बैठकीत पुन्हा वाचलं. हाती वही घेऊन वाचलं की पुस्तक वेगळं दिसतं.

स्पेनच्या अंदालुसियातला मेंढपाळ पोरगा, ६० मेंढ्या. छप्पर कोसळलेल्या एका चर्चमध्ये मुक्काम, तिथे मोठं सायकॅमोरचं झाड उगवलंय. तेच ते स्वप्न दोनदा पडतं: इजिप्तच्या पिरॅमिडांजवळ खजिना आहे. तारिफा गावात जिप्सी बाई स्वप्नाचा अर्थ सांगते आणि फी म्हणून खजिन्याचा दहावा हिस्सा कबूल करून घेते. मग एक म्हातारा राजा भेटतो, तो मात्र आगाऊ घेतो, दहावा हिस्सा मेंढ्या. पोरगा समुद्र ओलांडून टँजिअरला उतरतो आणि पहिल्याच दिवशी लुटला जातो. तिथे क्रिस्टलच्या दुकानात ११ महिन्यांच्या आसपास नोकरी. मग काफिला, वाळवंट, फायूमचं मरुद्यान, तिथे ज्या मुलीच्या प्रेमात पडतो ती फातिमा, किमयागार. शेवटी पिरॅमिडांपाशी खणत असताना पुन्हा मार खातो, पुन्हा लुटला जातो. मारणाऱ्यांचा म्होरक्या हसत सांगतो, अरे, मलाही इथेच पुन्हापुन्हा स्वप्न पडायचं, स्पेनमधल्या पडक्या चर्चात झाडाच्या मुळाशी खजिना आहे म्हणून. पण स्वप्नासाठी वाळवंट तुडवण्याइतका मी खुळा नाही. पोरगा उठतो. पत्ता मिळाला.

सांतियागो हे नाव पहिल्याच वाक्यात येतं, पुढे जवळजवळ सगळीकडे नुसता ‘पोरगा’. रूपकाची ही जुनी सोय. नाव पुसलं की कुणीही त्या जागी जाऊन बसतो.

खटकलं ते असं. आपल्याला रूपक ओळखायची सवय भारुडानं लावली. नाथांचा विंचू चावतो तेव्हा आपण आधी हसतो, अंगाला झोंबतं नंतर. हे पुस्तक विंचू दिसायच्या आतच ‘हा विंचू म्हणजे अमुक’ असं सांगून मोकळं होतं. पण तो म्होरक्या! त्याचं रूपक मात्र उलगडून सांगितलेलं नाही. त्याच्यापाशी मी आज तासभर थांबले.

१० जून

अनुवादातली पानं जाहीर वाचायची तर परवानगी हवी, आणि ती महिनाभरात येईल असं दिसत नाही. म्हणून अभिवाचन रद्द. आपल्या शब्दांत सांगायचं. एका अर्थी बरंच झालं, ही गोष्ट मुळात सांगण्याचीच आहे.

१४ जून

आजचा अख्खा दिवस एका शब्दात गेला.

कोएलोंचा मूळ पोर्तुगीज शब्दप्रयोग आहे ‘लेंदा पेसोआल’, म्हणजे स्वतःची दंतकथा, ‘पर्सनल लेजंड’: जे करायला माणूस जन्माला आला ते. हिला मराठीत काय म्हणायचं? कार्यक्रमात हा शब्द तीस वेळा तरी येणार. चिठ्ठीवर लिहून काढले: ध्येय, नियती, दैव, प्रारब्ध, स्वधर्म, विधिलिखित.

ध्येय शाळेच्या भिंतीवरचं. नियती उंच आणि थंड, हाक मारली तर मागे वळून बघणार नाही. प्रारब्ध म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, तो भोगायचाच, त्याच्या मागे कोण धावतं? स्वधर्म सर्वांत जवळचा. पण तो शब्द काढला की सभागृहात वेगळीच चर्चा सुरू होईल आणि ७५ मिनिटं त्यातच जातील.

निवृत्त शिक्षिका बाई (समितीत त्यांना सगळे बाईच म्हणतात) चिठ्ठी बघून म्हणाल्या, “पाचवीला पुजलेलं हे राहिलं की.” खरंच राहिलं होतं. बाळाच्या पाचवीच्या किंवा सहाव्या रात्री पाटावरवंटा मांडायचा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन कपाळी लिहून जाते. टँजिअरमधला दुकानदार जो ‘मक्तूब’ शब्द वापरतो तो हाच: लिहिलेलं. आपल्या ‘किताब’शी त्याचं रक्ताचं नातं, धातू एकच. आणि ‘लेजंड’चं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ ‘वाचण्याजोगं’. म्हणजे एकीकडे लिहिलेलं, एकीकडे वाचायचं. पोरगा मेंढपाळ असून पुस्तकं वाचतो आणि वाचून झालं की उशाला घेतो. हे उगाच घातलेलं नसावं.

पण पाचवीला आपल्याकडे पुजलं काय जातं ते बघा. दारिद्र्य, कष्ट, आजारपण. ‘सुख पाचवीला पुजलंय’ असं बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. ‘नशिबाचा पाठलाग’ हेसुद्धा मराठीत उलटं लागतं. नशीबच माणसाच्या पाठी लागतं, हात धुऊन.

संध्याकाळी शब्दकोश उघडला. नसीब: अरबीत त्याचा अर्थ हिस्सा. भाग्य: भाग, पुन्हा हिस्साच. म्हणजे आपले दोन्ही शब्द वाटणीचे. वाट्याला आलं ते आलं. आणि पुस्तक म्हणतंय वाट धर. वाटा आणि वाट! एका कान्याचा फरक.

चिठ्ठीवरचे सगळे शब्द खोडून ‘वाट’ लिहिलं. ‘ज्याची त्याची वाट’. बाई म्हणाल्या, लोक ‘वाट लागली’ म्हणून हसतील. हसू देत.

२२ जून

आता मुख्य काम. म्होरक्याचा माग काढत गेले तर ही गोष्ट कोएलोंच्या कितीतरी आधीची निघाली. मिळालेली सांगणी अशी.

फारसी कवी रूमींच्या ‘मसनवी’ या दीर्घकाव्याच्या सहाव्या भागात: वडिलांची दौलत उडवून बसलेला बगदादचा माणूस. स्वप्नात सांगतात, इजिप्तला जा. तिथे पोचतो तोवर खिसा रिकामा. दिवसा भीक मागायची लाज वाटते म्हणून रात्री निघतो आणि चोर समजून पहारेकऱ्याच्या हाती सापडतो. मार खाता खाता स्वप्न सांगतो. पहारेकरी म्हणतो, मला तर कधीपासून स्वप्न पडतंय, बगदादला अमुक गल्लीत अमुक घरात खजिना आहे. मी गेलो का? घर ह्याचंच असतं.

‘अरेबियन नाइट्स’च्या कथांतही बगदाद आणि कैरोच. माणूस मशिदीत झोपलेला, शेजारच्या घरात चोर शिरतात, पकडला जातो हा. इथला कोतवाल मार देतो, हसतो, आणि जाताना परतीच्या खर्चाला पैसेही देतो.

ज्यू परंपरेत क्राकूवचा आयझिक. प्रागच्या राजवाड्याकडे जाणाऱ्या पुलाखाली खजिना असल्याचं स्वप्न. पुलावर पहारा, म्हणून हा रोज नुसताच घिरट्या घालतो. पहाऱ्याचा नायक विचारतो आणि हसतो: स्वप्नांचं ऐकायचं तर मला क्राकूवला जाऊन येकेलच्या आयझिकच्या चुलीखाली खणावं लागेल, तिथे अर्धे आयझिक आणि अर्धे येकेल! क्राकूवच्या काझिमिएझ भागात १६४४ सालचं आयझॅक सिनेगॉग आहे, ते या पैशातून बांधल्याची दंतकथा तिथले लोक सांगतात.

इंग्लंडात नॉरफोकमधल्या स्वॉफहॅमचा फेरीवाला. तो लंडन ब्रिजवर जाऊन उभा राहतो. पत्ता सांगणारा तिथला एक दुकानदार.

अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांनी १९३५ साली हीच गोष्ट दोन स्वप्नाळूंची म्हणून लिहिली, कैरोहून इस्फहानला. आणि १९८८ साली ब्राझीलमध्ये कोएलो. पहिल्या प्रकाशकानं ९०० प्रती काढल्या आणि पुढे छापायला नकार दिला. इंग्रजी अनुवाद १९९३चा. त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे.

सहाही सांगण्यांत एक गोष्ट हलत नाही. खजिन्याचा पत्ता न गेलेल्या माणसाकडे असतो. त्याला स्वप्न पडलेलं असतं, चांगलं तपशीलवार पडलेलं असतं, आणि तो हसून कूस बदलतो. त्यानं स्वप्न मनावर घेतलं असतं तर तो वाळवंट तुडवत स्पेनला गेला असता, आणि पोरगा पिरॅमिडांपाशी खड्डे खणत बसला असता.

सगळे बोलतात जाणाऱ्याबद्दल. मला न गेलेल्यांबद्दल बोलायचंय. कार्यक्रमाचं नाव तिथेच सुचलं.

२५ जून

भाच्यानं नकाशा केला. आठ चार्टपेपर, चार-चारच्या दोन रांगा, मागून खाकी चिकटपट्टी. एक सेंटिमीटरला २५ किलोमीटर. प्रत्येक वाटेला वेगळ्या रंगाचा दोरा, माझ्या शिवणाच्या डब्यातला.

स्वॉफहॅम ते लंडन जेमतेम साडेपाच सेंटिमीटर, बोटभर. क्राकूव ते प्राग १६. बगदाद ते कैरो हातभर, ५२ च्या आसपास. टँजिअर ते पिरॅमिड सरळ रेषेतच सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे १४० सेंटिमीटर. तारिफा आणि टँजिअरमधल्या समुद्राला दोरा लावायलाच जागा नाही, टाचण्या एकमेकींना चिकटतात. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटर. पोराचं घर सुटतं ते या नखाएवढ्या जागेत.

भाच्याचा प्रश्न: दोरा परत आणायचा की नको? सगळे घरी परततात, तेव्हा दुहेरी लागणार. हिरवा रीळ अर्ध्यात संपला. परतीसाठी पोपटी जोडला.

२९ जून

पहिली तालीम. क्रिस्टल विकणाऱ्याचं काम भांडीवाल्या काकांना दिलंय. बाजारपेठेत त्यांचं स्टील आणि काचेच्या सामानाचं दुकान, वडिलांच्या वेळचं. पुस्तक वाचलेलं नाही म्हणाले, “तुम्ही सांगा, मी बोलतो.”

मी सांगायला लागले. चढावरच्या रस्त्याला दुकान, तीस वर्षांचं, आता गिऱ्हाईक रोडावलेलं. पोरगा म्हणतो, बाहेर एक कपाट मांडू, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल.

काका मध्येच म्हणाले, “नको. माणसं धडकतील, माल फुटंल.”

मी पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. दुकानदाराचं पुढचं बोलणं नेमकं तेच आहे. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली. मग थांबेनात. पोरगा म्हणतो, चढून दमलेल्यांना क्रिस्टलच्या ग्लासात चहा देऊ. काका म्हणाले, “ताई, काचेच्या गिलासात उकळता च्या नुसता ओतायचा नसतो. आधी चमचा ठिवायचा आत, मग चमच्यावर वतायचं. न्हायतर तडकतो.” खिशातून किल्ली काढून टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाला टिचकी मारून दाखवली. हलकी काच टक् करते, भारी क्रिस्टल घुमतं, तेवढ्यावर किंमत ठरते. हे सगळं कार्यक्रमात घ्यायचं.

मग मक्केचा भाग. दुकानदाराला आयुष्यभर हजला जायचंय. पैसे साठलेत, तरी जात नाही. गेलो आणि ते स्वप्न संपलं तर मग जगायचं कशासाठी, ही त्याची भीती. राजाच्या हिशेबात हा माणूस नापास. मी ‘भित्रा’ असा शब्द लिहिला होता.

काका जरा वेळ गप्प बसले. “भित्रा खोडा,” म्हणाले. “पोरगं लुटलं गेलं तवा त्याला जेवू कुणी घातलं? वर्षभर कमिशन कुणी दिलं? दुकान उघडं होतं म्हणून दिलं ना.”

खोडलं.

६ जुलै

आषाढी. तालीम नाही. काका उपासाचे शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले आणि दारातूनच बोलायला लागले. त्यांची सासुरवाडी माढ्याकडची. “अरणचे सावता माळी कधी पंढरीला गेले का? मळा सोडला न्हाई माणसानं. इठ्ठल आला की तिथं.” आणि आजही आषाढीनंतर पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं की न गेलेल्यांची बाजू मीच शोधून काढली. ती त्यांच्याकडे लहानपणापासून पडून होती. सावता माळ्यांचा भाग दुकानदाराच्या प्रसंगानंतर, तीन मिनिटं, काकांच्या तोंडी.

एक फरक मात्र विसरून चालणार नाही. सावता माळी थांबले ते मळ्यातच देव दिसला म्हणून. टँजिअरचा दुकानदार थांबलाय आणि वाट पाहतोय. थांबणं तेच, पण एक पोचलेला आणि एक अडकलेला. हे काकांना अजून बोलले नाही.

९ जुलै

बाईंशी वाद झाला, चांगला झाला. त्यांचा मुद्दा: न गेलेल्यांबद्दलच बोलायचं तर फातिमाला का वगळलं? पोरानं जावं असं ती स्वतः सांगते, आम्ही वाळवंटातल्या बाया, वाट पाहणं आमच्या अंगवळणी. तिचं स्वप्न कुठलं तर हा परत येईल हे. “म्हणजे पुरुषानं वाट चालायची आणि बाईनं वाट पाहायची,” बाई म्हणाल्या. “तुमचा शब्द चांगलाच अंगाशी आला.”

त्यांनी इंग्रज लेखक जॉन बन्यन काढला. ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’, १६७८. हरि केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ नावानं मराठीत आणलेलं ते हेच. रूपकात्मक लांब गद्यकथा मराठीत आली त्याच्या अगदी सुरुवातीची. त्यातला यात्रेकरू तर बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानात बोटं घालून पळत सुटतो. पण सहा वर्षांनी, १६८४ मध्ये, बन्यननं दुसरा भाग लिहिला आणि त्यात ती बायको मुलांना घेऊन त्याच वाटेनं निघते. फातिमाला दुसरा भाग मिळालेला नाही.

दुसरंही एक लक्षात आलं. बन्यनकडे स्वर्गाचं नगर एकच, सगळ्यांनी तिथेच पोचायचं. कोएलोंकडे ज्याची त्याची वाट निराळी. तीनशे वर्षांत ठिकाण सार्वजनिकचं खासगी झालं. बाईंना पाच मिनिटं दिली. त्या आठ घेणार.

१३ जुलै

पूर्ण तालीम: ९४ मिनिटं. एकोणीस मिनिटं कापायची. किमयागाराचा भाग जवळजवळ सगळा गेला, पोरगा वारा होतो तो प्रसंगही. पुस्तकाचं नाव ज्याच्यावरून तोच माणूस आमच्या कार्यक्रमात दोन वाक्यांचा. बोर्हेस चार वाक्यांत. फायूमच्या तीनशे विहिरी आणि पन्नास हजार खजुरीची झाडं ठेवली, आकडे ऐकायला छान वाटतात.

२० जुलै

पाऊस, तरी माणसं आली. खुर्च्या ६०, मागे उभे सात-आठ. माईक पहिल्या दहा मिनिटांत दोनदा गेला. नंतर बंदच केला आणि मोठ्यानं बोललो. दमट हवेनं नकाशाचा एक कोपरा सुटला आणि इस्फहान खाली लोंबायला लागलं.

काकांनी टिचकीचा खेळ केला. एक साधा ग्लास, एक दुकानातला भारी. सगळं शांत असताना तो दुसरा घुमला आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. ‘वाट लागली’वर हशा आलाच. बाईंनी नऊ मिनिटं घेतली. एकूण ८१.

प्रश्नोत्तरांत बहुतेकांनी ते रेघांचं वाक्यच विचारलं. शेवटी पुढच्या रांगेतली सहावी-सातवीतली एक मुलगी उभी राहिली. तिचा प्रश्न: जिप्सी बाईला दहावा हिस्सा मिळाला. मग खरा पत्ता ज्यानं सांगितला, त्याला काय मिळालं?

सहाही सांगणी डोळ्यांपुढून नेली. पोरगा शेवटी तारिफाकडे निघतो तो जिप्सी बाईचं देणं फेडायला. आयझिकचं सिनेगॉग झालं, स्वॉफहॅमच्या फेरीवाल्यानं चर्चला दिलं. पहारेकरी, कोतवाल, नायक, दुकानदार, म्होरक्या: कुणालाही दमडी नाही. कोतवालानं तर पदरचे पैसे घातले. त्यांना कळलंही नाही की पत्ता खरा होता.

मी म्हटलं, “काही नाही मिळालं.”

“का?” मुलगी म्हणाली.

मी काकांकडे बघितलं. ते चहाच्या ग्लासांत चमचे ठेवत होते.

२१ जुलै

हिशेब: चहा, बिस्किटं, चार्टपेपर, चिकटपट्टी मिळून १,४६० रुपये. पावत्या फाइलला लावल्या.

नकाशा उतरवला, भाच्याला हवाय. हिरवा-पोपटी दोरा रिळावर गुंडाळला. गाठ मधोमध येते, पिरॅमिडांपाशी.

काका सकाळी ग्लास न्यायला आले. ४८ दिले होते, ४७ भरले. मी पैसे विचारले तर हात हलवला. मग जाता जाता पुस्तक मागितलं. सभासद नाहीत, माझ्या नावावर लिहून दिलं. परतीची तारीख ४ ऑगस्ट.